मालकाची सवलत

माझा नवरा डेल्मर व्हिएतनामला लढून आलेला, शिवाय समुद्रसहली काढणाऱ्या जहाज कंपनीचे शंभर शेअर्स त्याने घेऊन ठेवलेले. त्यामुळे प्रत्येक सफरीत आम्हाला जहाजावर खर्चायला काही डॉलर फुकट मिळायचे. थोडे माजी सैनिकाचे, थोडे भागधारकाचे. उतरताना उरले तर बुडाले.

मला एकदाच वरच्या मजल्यावरच्या काचेच्या हॉटेलात जेवायचं होतं.

"शेवटच्या दिवशी, मालकीणबाई," तो म्हणायचा. "मध्येच काही लागलं तर? खिशातले कशाला घालवायचे?"

शेवटच्या दिवशी तिथे टेबल कधीच मिळायचं नाही. मग पैसे संपवायला जहाजाच्या दुकानातून टोप्या. फ्लोरिडातलं आमचं कपाट टोप्यांनी भरलंय.

या वेळी मी भडकले. "टोप्याच शिजवून घालू का तुला?" तो हसला, आणि चढल्या चढल्या जाऊन शेवटच्या संध्याकाळचं टेबल राखून आला.

दोनच दिवसांनी डेकवर त्याच्या छातीत कळ आली. जहाजावरच्या डॉक्टरने खूप धडपड केली. मग त्याला जहाजाच्या तळाशी, शवागारात ठेवलं.

शेवटच्या दिवशी मी काउंटरवर गेले. "ते टेबल रद्द करा. आणि सवलतीतले किती उरलेत सांगा, संपवून टाकते."

तिथल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि मान खाली घातली. "काहीच नाही उरलं, मॅडम. दवाखान्याच्या बिलात आपोआप वळते झाले."

 

शाब्बास, डेल्मर. या वेळी एकही टोपी घ्यावी लागली नाही.