दुसऱ्या कॅमेऱ्याचं भिंग

"आई, हलू नकोस," मुलगी म्हणाली आणि तिनं कॅमेऱ्याच्या काचेला डोळा लावला.

आई, दोघी बहिणींतली थोरली, खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या मागे दोन रिकाम्या खुर्च्या, एकामागे एक. कॅमेरा थोरलीच्या नवऱ्याचा. सोव्हिएत बनावटीचा, जड, कोपऱ्यांवर पितळ उघडं पडलेला. नवरा गेल्यावर कपाट आवरताना तो चादरींखाली सापडला. थोरली त्याला हात लावायलाही तयार नव्हती. मुलीनंच हौसेनं रोल भरला, आईचे फोटो काढले, आणि सगळ्यांत आई पुसट आली. मागची भिंत मात्र लख्ख. म्हणून आज ही खुर्च्यांची परीक्षा.

रोल धुऊन आला. मुलीनं फोटो आईपुढे ठेवला. थोरलीचा चेहरा धुक्यात बुडालेला. मागच्या रिकाम्या खुर्चीच्या वेताची वीण न् वीण दिसत होती.

"मी तुझ्या डोळ्यांवरच फोकस केला होता," मुलगी म्हणाली.

थोरलीनं फोटो उलटा करून ठेवला. हे वाक्य तिनं आधी एकदा ऐकलं होतं. तेव्हा ही मुलगी रांगत होती.

मुलीनं भिंग फिरवून कॅमेऱ्यापासून वेगळं केलं. "मी जरा चौकशी केली. या जुन्या कॅमेऱ्यांत प्रत्येक भिंग आपापल्या कॅमेऱ्याला जुळवलेलं असायचं, मागे पातळ चकत्या घालून. दुसऱ्या कॅमेऱ्याचं भिंग लावलं तरी आटे व्यवस्थित बसतात. काचेतून बघताना सगळं बरोबरच वाटतं. पण फिल्मवर स्पष्ट येतो तो मागचा माणूस. हे भिंग मूळचं नाही ना गं?"

नव्हतं. मूळचं भिंग या मुलीनंच टेबलावरून ओढून पाडलं होतं. नवऱ्यानं जुन्या बाजारातून तसंच दुसरं आणून बसवलं. आणि त्याच सुमारास धाकटी बहीण नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आली.

त्यानंतरचा प्रत्येक फोटो सारखाच. पुढे थोरली, मांडीवर मूल, दोघी पुसट. मागे उभी धाकटी, पापणीचा केस न् केस दिसेल अशी. त्याआधीच्या फोटोंत थोरली छान स्पष्ट यायची. धाकटी घरात आली आणि ती पुसली गेली.

तिनं ते फोटो नवऱ्याच्या अंगावर फेकले होते. "नजर जिथे असते तिथेच फोकस होतो. मला शिकवू नका!"

"मी तुझ्यावरच केला होता," तो एवढंच म्हणाला.

"ताई, तुझ्या गळ्याची शपथ, तसं काही नाही गं," धाकटी रडत होती. थोरलीनं तिची ट्रंक जिन्यात नेऊन ठेवली. तेवढ्यावर ती थांबली नाही. नातेवाइकांत बोभाटा केला. धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि पुढे कुठे जुळलं नाही. नवऱ्यानं घरात पुन्हा कॅमेरा हातात धरला नाही. थोरलीनं ती कबुली मानली. त्याला वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणं काढली, पण कामापलीकडे शब्द बोलली नाही. तो गेला त्या सकाळीसुद्धा ती औषधाची वेळ झाली एवढंच म्हणाली होती.

धाकटीचा पत्ता मुलीनं शोधून काढला. थोरली एकटीच गेली. जिने चढून दम लागला होता. दार उघडणाऱ्या वाळक्या, पांढऱ्या केसांच्या बाईकडे ती बघतच राहिली.

"आत ये," बाई म्हणाली. आवाज तेवढा तोच होता.

एकच खोली. भिंतीला लोखंडी पलंग, खिडकीत वाळत घातलेला एक टॉवेल. थोरलीनं पलंगावर फोटो मांडले, जुने आणि नवे. भिंगाचं सगळं सांगितलं. आटे, चकत्या, खुर्च्या. मुलीचे शब्द आठवून आठवून, मधेच चुकत, पुन्हा पहिल्यापासून.

"माझं चुकलं गं," ती शेवटी म्हणाली. "आणि त्यांना बिचाऱ्यांना कधी कळलंच नाही."

धाकटीनं फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कळलं होतं."

"काय?"

"भिंगाचं. भाऊजी आले होते मी राहायचे त्या हॉस्टेलवर. ओळीनं बाटल्या मांडून फोटो काढले होते त्यांनी. सगळं समजावून सांगितलं मला. माझं लग्न मोडायच्या आधी."

थोरलीनं पलंगाची कड धरली. "मग मला का नाही सांगितलं?"

"पाया पडले मी त्यांच्या. म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन ताईला दाखवा. तर म्हणाले, तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता, आता भिंगाची साक्ष घेऊन मी तिच्यापुढे उभा राहणार नाही. मग मीच आले तुझ्याकडे. कितीतरी वेळ बेल वाजवली. तू आतच होतीस."

थोरलीला ती बेल आठवली. मुलीला कडेवर घेऊन ती दाराच्या आत उभी होती, श्वास रोखून.

"एवढा हट्ट!" ती पुटपुटली. "सगळा जन्म घालवला त्यांनी. माझाही."

धाकटीनं पलंगावरचे फोटो गोळा केले, कडा जुळवल्या आणि बहिणीच्या हातात दिले.

"तुमचा जन्म तुम्ही दोघांनी घालवलात, ताई," ती म्हणाली. "माझा कुणाला विचारून घालवलात?"