आमच्या घरची डाळ

"कोणाचा विश्वास बसणार नाही, दीदी, पण आमच्यासारखी घट्ट डाळ सगळ्या भोजपुरात शिजत नाही. पळी नुसती उभी राहते," मी म्हणालो. धाकट्या सुनेला आठवा महिना. आदल्या दिवशी ती हातपंपाजवळ चक्कर येऊन पडली, म्हणून आशा कार्यकर्ती तिच्या पोटात प्रोटीन जातंय का, ते विचारायला आली होती.

"भाजलेल्या चण्याचं सत्तू तुम्ही पुरुष शेतावर नेता. आणि ही जेवते सगळ्यांच्या शेवटी. तोवर हिला डाळ उरते का, बाबूजी?"

"उरते म्हणजे? परवा पातेल्यात मांजर पडलं, ते पाय न भिजवता वरून चालत पलीकडे गेलं."

दीदी हसली नाही. मी खाटेवर इकडून तिकडे सरकलो, तंबाखू मळायला घेतली, तशीच डबीत परत टाकली. बायको चुलीकडे बघत राहिली.



लग्न होऊन दोन वर्षं माझ्यासमोर तोंड न उघडलेली सून दाराआडून म्हणाली, "बाबूजी, माझ्या वाटीतल्या डाळीत मला छताचा पंखा फिरताना दिसतो."