टाकी भरेपर्यंत

भंगारातून आणलेला व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर शेषरावांनी अखेर बोलता केलाच. पण अकोल्याचा मे महिना. कूलरच्या घरघरीत गाणं पार बुडून गेलं. त्यांनी कूलर बंद केला, तशी बायको, वत्सलाबाई, कडाडली, "त्या डब्ब्यापायी मले उकडून मारता काय?"

शेषराव हटले नाहीत. कूलर पुन्हा लावला, पण स्पीकरला कान चिकटवून ऐकत बसले.

संध्याकाळी कूलरच्या टाकीत पाणी भरायला वत्सलाबाईंनीच तो बंद केला. गाणारीचा श्वाससुद्धा खोलीत ऐकू आला. पाइप हातात धरून त्या उभ्याच राहिल्या. पाणी टाकीवरून वाहून अंगणात आलं.

"टाकी भरली वं," म्हणत शेषराव कूलरच्या बटणाकडे निघाले.

"भरू द्या. गानं सरू द्या पयले."