कारलं नको

डोक्यातली चिप नव्या सिस्टीमवर गेली आणि भालचंद्ररावांचं बोलणं रेंगाळू लागलं. अर्धांगवायूनंतर त्यांचे शब्द चिपमधून नेटवर्कने गळ्यातल्या स्पीकरवर येत. आता पत्नी वत्सलाबाईंनी चहाचं विचारलं, तर उत्तर येईपर्यंत केलेला चहा निवून जाई. पुन्हा झटका आला की काय, या धास्तीने वत्सलाबाईंना घास गिळवेना.

तंत्रज्ञ शलाकाने चिप तपासली. "काकू, काका ठणठणीत आहेत. अपडेटने बॅटरी वाचवायची सेटिंग आपोआप चालू केली, म्हणून नेटवर्क मंदावलं. बंद केलीय. बोलून बघा."

"अहो, मी काय म्हणते, आज भाजीला..."

"कारलं नको," भालचंद्ररावांनी मध्येच तोडलं.

लग्नापासून याच सवयीवरून भांडत आलेल्या वत्सलाबाईंनी डोळे टिपले आणि पुढचं वाक्य मुद्दाम सावकाश सुरू केलं, त्यांना तोडायला वाव मिळावा म्हणून.