वाकड्या बोटांचं पिस्तूल

ॲरिझोनात नेमबाजी शिकवणाऱ्या हार्लनला आर्डिथबाईंचं चिमुकलं पिस्तूल पाहून हसू आलं. बाजूचा खटका दाबला की नळी डब्याच्या झाकणासारखी उघडायची आणि गोळी थेट तिच्यात ठेवायची. “हे खेळणं पर्समध्ये बाळगणार? ऐन वेळी दगा देईल.” “संधिवाताने बोटं वाकलीत, मास्तर. गोळी भरायला तुमच्या पिस्तुलांचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, तो मला ओढवत नाही. लेकीने सोडलेला नवरा दारू पिऊन दारात येतो, घरात मी एकटी. तुम्हीच तपासा.” हार्लनने दोनशे गोळ्या झाडल्या, डाव्या हाताने झाडल्या, पिस्तूल वाळूत लोळवून झाडल्या. एकही अडकली नाही. मग बाईंनी वाकड्या बोटांनी पाच वेळा गोळी भरली आणि पाचही नेम कागदी पुतळ्याच्या छातीत बसवले. हार्लनने टोपी काढली. “नाव ठेवायला जागा नाही,” म्हणत तो घुटमळला. “माझ्या बायकोचीही बोटं अशीच आहेत. तिला उद्या आणलं, तर शिकवाल?”