आत्ता कुठे आहात?

“आत्ता कुठे आहात?” बाईंनी विचारलं. सकाळपासूनचा आठवा रुग्ण, आठव्यांदा हाच प्रश्न. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला होता खरा, पण चिठ्ठीची गरज आता कुठली. झोपेतून उठवलं असतं तरी बाईंच्या तोंडून आधी तोच निघाला असता.

“पुलाच्या अलीकडे. नेहमीची जागा, टायरच्या दुकानामागे,” काका म्हणाले.

पडद्यावर गाडीच्या पुढच्या दोन सीटा. एकीवर काका, दुसरीवर पट्टा लावून काकू. पक्षाघाताने काकूंची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली, त्याला चार महिने झाले. हात थोडाफार हलू लागला होता. शब्द मात्र एकच उरला होता, ‘बरं’. तहान लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. “बेचाळीस वर्षांत माझ्या कशालाच बरं म्हणाली नाही,” काका पहिल्या दिवशी म्हणाले होते, “आता दुसरं काही म्हणतच नाही.” आणि हसता हसता चष्मा पुसत बसले होते.

बाई स्पीच थेरपिस्ट. गेलेले शब्द परत बोलवायचं काम, म्हणून सगळे त्यांना शाळेतल्यासारखं बाईच म्हणत. त्यांचा परवाना नदीच्या अलीकडच्या राज्याचा. रुग्ण ज्या राज्यात बसला असेल तिथला परवाना हवा, असा नियम. आणि काका-काकू मुलाकडे राहायला गेले ते नेमके नदीपलीकडे. तिकडच्या थेरपिस्टकडे नंबर लागणार पुढच्या वर्षी. शब्द यायचे ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येतात. बाईंनी पलीकडच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, तो कॉलेजच्या एका शिक्क्यापायी अडून बसला होता. तेव्हा काकांनीच तोड काढली. दर मंगळवारी पूल ओलांडायचा, गाडी कडेला लावायची, टॅब समोर टेकवायचा. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. “आता एकच प्रवासी,” ते म्हणत, “तीसुद्धा उतर म्हटलं तर उतरत नाही.”

आज काकांच्या डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती.

“डोळ्याला काय झालं?”

“मोतीबिंदू. परवा काढला. किरकोळ हो.”

मग गाडी कोणी आणली, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. मागच्या काचेतून दर मंगळवारी टायरांची काळी चळत दिसायची. आज तिथे दोरीवर फुलाफुलांची चादर वाळत होती.

“आज टायर दिसत नाहीत,” त्या म्हणाल्या. म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

“विकले गेले सगळे. धंदा जोरात आहे त्याचा.”

बोलून झालं आणि काकांनी उघडा होता तो डोळाही मिटून घेतला. जन्मात थाप न मारलेल्या माणसाचं असंच होतं.

गेल्याच महिन्यात बाईंच्या शेजारच्या खोलीतल्या समुपदेशकाचा परवाना तीन महिन्यांसाठी रोखला होता. त्यांचा रुग्ण लग्नाला परराज्यात गेलेला, आणि त्यांनी विचारलंच नव्हतं. बाईंनी तर विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं. दिवसभर बोलून घसा बसलेला, समोरचा चहा कधीचा गार झालेला. आता मिळालेलं उत्तर उलटून बघायचंही त्राण नव्हतं. ‘रुग्णाचे ठिकाण’ या रकान्यात त्यांनी टाईप केलं, ‘पुलाच्या’.

“घ,” काकू म्हणाल्या.

बाईंची बोटं थांबली.

काकूंनी डावा हात मांडीवर आपटला. एक, दोन, एक, दोन. शब्द अडला की ठेका धरायचा, हे बाईंनीच शिकवलेलं. ओठ उघडले, मिटले. “घ... घ...” कपाळावरची शीर तटतटली. “घरी.”

घराचं चित्र बाईंनी आजवर किती वेळा दाखवलं असेल, देवच जाणे. दर वेळी उत्तर एकच, बरं. आज चित्र नव्हतं. नुसता प्रश्न होता, आणि काकूंनी त्याचं खरं खरं उत्तर दिलं होतं.

“बोलली!” काकांचा हात हॉर्नवर पडला, मागे चादरीआडून कुणीतरी ओरडलं. “बाई, बोलली ती! ऐकलंत ना?”

“ऐकलं, काका.”

“लिहा. आजची तारीख घालून लिहा.”

“लिहिते ना. पण ते लिहिलं, की आज पुढे शिकवता येत नाही मला.”

काकांनी हॉर्नवरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाले, “मुलाला रजा मिळेना. एका डोळ्याने पूल ओलांडायचा धीर होईना. म्हटलं, तिचा एक मंगळवार बुडायला नको.” डोळ्यावरची पट्टी चाचपत, “मी मघाशी सांगितलं तेच लिहा की.”

“तुमचं खरं धरलं तर यांचं खोटं ठरतं, काका. इतक्या दिवसांनी वाचा फुटली. पहिल्याच शब्दाला चूक म्हणू?”

बाईंनी ‘पुलाच्या’ खोडलं. ‘घरी’ लिहिलं. खाली ‘प्रगती’च्या रकान्यातही तेच लिहिलं. तिसऱ्या रकान्यात, आजचे सत्र: झाले नाही.

“डोळा बरा झाला की या. मंगळवारची वेळ मी कुणाला देत नाही.”

काकांनी मान हलवली. वाकून पट्ट्याच्या खटक्याकडे हात नेला, आणि बस शेवटच्या थांब्याला लागल्यावर म्हणत असतील तशा आवाजात म्हणाले, “चला, उतरायचं आता.”

काकूंनी डाव्या हाताने पट्टा छातीशी घट्ट धरला होता. डोळे पडद्यावर. पुढचा प्रश्न कधी येतो, याची वाट बघत.