फायनलची कप्तान

“फायनलला कप्तान बदला, सर.”

श्रेया हे बोलली तेव्हा वैजयंती समोरच शाळेच्या पायरीवर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. बाकीच्या पोरी उगाच मैदानाकडं बघत राहिल्या.

भगवंत सरांनी एकेकीकडं पाहिलं. अवसरीच्या पोरींचा कबड्डीचा संघ त्यांनी शिकवला खरा, पण उभा केला तो वैजयंतीनं. घरोघरी जाऊन, आयाबापांच्या हातापाया पडून तिनं पोरी गोळा केल्या होत्या. वर्षभर तिच्यासारखी चढाई आसपासच्या गावांत कुणाची नसायची. पण जुन्नरच्या शिवजयंतीच्या स्पर्धेत फायनल आली, की तिचं काय व्हायचं कुणास ठाऊक. पाय जड पडायचे. धरलेली पोरगी हातातून निसटायची. तीन वर्षं अवसरी फायनलला गेली आणि तिन्ही वर्षं हरली. तिन्ही वेळा शेवटच्या चढाईत कप्तानच बाद झाली होती.

“मागल्या वर्षी मधली रेषा हातभर लांब होती, सर,” श्रेया म्हणाली. “हिनं हात लांब केला असता तर कप आपला होता. केलाच नाय.”

“वैजयंती, तुझं काय म्हणणं?”

वैजयंतीनं पट्टीची गाठ मारली. “मला राहू द्या कप्तान. या वर्षी तरी.”

“का? परत हरायला?” श्रेया उसळली.

वैजयंतीनं आता तिच्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता. विहिरीच्या काठावर वाकलेल्या लेकराकडं बघावं, तशी ती बघत होती. श्रेयानं नजर वळवली. तरी ती मागं हटली नाही.

सरांनी हात वर करायला सांगितले. आधी एक, मग दुसरा, मग सगळेच हात वर गेले. श्रेया कप्तान झाली. वैजयंतीला सरांनी राखीव खेळाडूंत बसवलं.

फायनलच्या दिवशी श्रेयाची आई, साळुबाई, तिची वेणी घालायला बसली. एकच पेड तिनं दोनदा सोडला, दोनदा बांधला. मग हळूच म्हणाली, “हरलीस तरी चालंल गं.”

“असं काय बोलतीस, आई?”

साळुबाईनं वेणीचं टोक घट्ट बांधलं.

जुन्नरचं मैदान माणसांनी फुललं होतं. अवसरीचे बाप दोरीपाशी ओळीनं उभे होते. एरवी एकही बाप सामन्याला फिरकायचा नाही. फायनलला मात्र सगळे झाडून यायचे, हात मागं बांधून उभे राहायचे आणि टाळी न वाजवता परत जायचे. आज श्रेयाचा बाप सोपान याच्याबरोबर दोन अनोळखी माणसं होती. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. त्यांची नजर खेळावर नव्हती. ते एकट्या श्रेयाकडंच बघत होते.

नारायणगावच्या पोरी दांडग्या होत्या. गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई उरली.

“मी जाते,” श्रेया म्हणाली.

“श्रेया!” बाहेरून वैजयंतीची हाक आली. ती उठून उभी राहिली होती. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, दोरीकडं पाहिलं आणि ती परत खाली बसली.

श्रेया आत शिरली. कोपऱ्यातल्या पोरीला तिनं पाय लावला, वळली, आणि तिघींनी मिळून तिला खाली ओढलं. तोंडात माती गेली. दम संपत आला. ती फरफटत पुढं सरकली आणि बोटांची टोकं रेषेपार टेकवली.

शिट्टी वाजली.

पोरींनी तिला खांद्यावर घेतलं. कुणी रडत होतं, कुणी किंचाळत होतं. सरांनी डोळे पुसले. वरून श्रेयानं दोरीकडं पाहिलं. बाप एकमेकांकडं बघून मान डोलवत होते, रखडलेलं काम एकदाचं मार्गी लागल्यासारखे. वैजयंती मात्र तोंड ओंजळीत धरून बसली होती. जळते, असं श्रेयाला वाटलं.

बक्षीस झालं. सोपान पुढं आला, त्यानं कप हातात घेऊन फिरवून पाहिला.

“झ्याक खेळलीस. चल, तोंड धू. पावणं जीपपाशी थांबल्यात.”

“कसले पावणे, आप्पा?”

“तुला बघाया आल्यात. पसंत हाय त्यांना.”

“पण पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे सामने...”

“आता कसलं सामनं?” सोपान शांतपणे म्हणाला. “वैजयंतीनं शबूद घेतला व्हता आमच्याकडनं. कप येईस्तवर पोरींना खेळू द्या, कुणाचं लगीन काढू नका. कप आला का आडवी येणार न्हाई म्हणली. आमी सगळ्यांनी पाळला शबूद. आला कप.”

श्रेयानं मागं वळून पाहिलं. मघाचा गलका बंद झाला होता. एकेका पोरीशेजारी तिचा बाप उभा होता.

ती धावत राखीव खेळाडूंच्या बाकापाशी गेली. वैजयंती सगळ्यांच्या पट्ट्या गोळा करून पिशवीत भरत होती.

“आम्हाला सांगितलं का नाय?”

“सांगितलं असतं तर मन लावून खेळला असता का तुमी?” वैजयंतीनं पिशवीचं तोंड बांधलं. “हरून हरून तीन वर्षं काढली गं मी. आजबी काढलं असतं आणखी एक.”